मोजणी

इन्व्हरकार्गिलला आज चार वाजताच दिवे लागले.
काचेवर मर्डो गेडिसचं आतडं,
कागदाहून पातळ.
चाळीस वर्षं त्यानं दलदलीत चर खणले;
पाणी कुठं नेलं की गवत धरतं
हे त्याला बुटाच्या तळव्यातून कळायचं.

मी तपकिरी ठिपके मोजते.
प्रत्येक ठिपका एक नवी रक्तवाहिनी,
वाकडी, घाईत बांधलेली, जागोजागी गळणारी.
गाठीला भूक लागली, तिनं नुसती हाक दिली
आणि शेजारच्या भल्या शिरांनी
तिच्या दारापर्यंत पाट काढून दिले.
त्यांना काय बोलणार?
हाकेला ओ द्यायची, एवढंच त्यांना येतं.

एकशे सात.
पुन्हा मोजते. एकशे अकरा.

यायला पाट झाला की जायला वाट होते.
इथून निघालेलं रक्त आधी यकृताशी थांबतं,
हे मर्डोला समजावावं लागणार नाही.
परवा तो नोलीनला म्हणाला म्हणे,
"चर खणताना पहिला प्रश्न एकच असतो गं,
शेवट कुठं सोडायचा."

आकडा लिहून मी बाहेर येते.
दवाखान्यामागची ओल
तीन हिवाळ्यांपूर्वी त्यानंच काढली होती.
माझी गाडी तिथंच असते,
कोरड्या जागेवर.