दुसरी सही

लिंबाजी सोनकांबळे मंगळवारी दुपारी
तिसऱ्या मजल्याच्या परातीवरून पडला.
रात्री साडेअकराला ठोसरांचा फोन :
चेकबुक घेऊन खाली ये.

खाली म्हणजे निझव्यातल्या आमच्या इमारतीची पार्किंग.
बॉनेटला हात लावला, तर दुपार अजून त्यात होती.
ठोसर आमचे अध्यक्ष. अठ्ठावीस कुटुंबांचं मंडळ,
एक हार्मोनियम, दोन सतरंज्या, बँकेत नऊशे चाळीस रियाल.
त्यांनी आकडा लिहिला, सहाशे. रोख.
सही केली आणि वाट पाहू लागले, जणू उरलेलं काम माझं.

पण माझं काम एवढंच :
ज्याच्या कपाटात चेकबुक, त्याला सही नाही,
ज्याला सही, त्याच्याकडे चेकबुक नाही,
आणि दोनशेच्या वर एकट्याची चालत नाही.

माणूस शवागारात आहे, ते म्हणाले,
आणि तू मला कलम वाचून दाखवतोस?

मला लाज वाटली. ती लपवत नाही.
पण कलम सात तुमच्याच अक्षरात आहे, ठोसर.
तेव्हा अध्यक्ष दुसरे होते, आणि तुम्ही मागच्या रांगेतून उठून
'कोणत्याही कारणास्तव' या शब्दांखाली
दोन रेघा ओढल्या होत्या. दुसरी रेघ कागद फाडून गेली.

वाईट माणसाला अडवताना आपण निदान थोडे उंच होतो.
चांगल्याला अडवताना नुसते आडवे येतो.

मी पांझरेच्या काठचा. आमच्या फडात
पाणी पाटकरी सोडायचा, मालक नाही.
थोरल्या काकांनी एका रात्री स्वतःच्याच उसाला बारं फोडलं.
ऊस जगला. पण पुढे वर्षभर
गावात त्यांना कुणी बिडीला काडी दिली नाही.
इथे फलजच्या काठी म्हातारा सालिम बसतो, पाण्याचा वकील.
पूर्वी पाळ्या सावलीवर मोजायचा, आता मनगटावर.
त्याच्या खजुरांची पाळी पहाटे तीनला येते. तीनलाच उठतो.

हे सगळं मी ठोसरांना सांगितलं नाही.
गाडीत बसलो, हॉस्पिटल गाठलं.

सचिव हेमांगी तांडेल रात्रपाळीला होती.
हातमोजे काढत बाहेर आली, चेक वाचला.
रोख का? कुणाच्या हातात?
कंपनीने काय कबूल केलंय, ते कागदावर आहे?
ठोसरांकडे फोरमनचा नंबर होता, फक्त.
तिने चेक फाडला नाही.
आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, बुकातच राहू दिला.

भिंतीवरच्या टीव्हीत, आवाज बंद,
कुठल्याशा मोठ्या देशाचे अध्यक्ष जाड पेनाने सही करून
कागद कॅमेऱ्याला दाखवत होते.
खालून पट्टी सरकत होती : न्यायालयाची स्थगिती.
बाकावर एक पठाण ड्रायव्हर झोपला होता.

दुसऱ्या संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. पेटी त्यांची, विमान त्यांचं.
आमचा ड्राफ्ट तीनशे दहाचा,
पारूबाई सोनकांबळे, मुक्काम देगलूर. दोन सह्या.
मधला एक दिवस लिंबाजी थंड खणात पडून होता.
तो दिवस कुठल्या रकान्यात मांडायचा
हे मला अजून कळलेलं नाही.

ठोसर दोन महिने बोलले नाहीत.
इथे आम्हाला मत नाही; गावच्या यादीत नाव आहे,
पण मतदानाला रजा नाही.
आमची म्हणून जी घटना आहे ती बारा पानांची झेरॉक्स,
स्टेपल गंजलेली.

मार्चच्या सभेत कुणीतरी सुचवलं,
तातडीच्या वेळी सगळे अधिकार अध्यक्षांना द्यावेत.
ठोसरांसारखा माणूस असताना सह्या कशाला मोजायच्या?
हात वर जाऊ लागले. माझाही, अर्धा.
ठोसर पाणी पीत होते.
ग्लास खाली ठेवला, तोंड पुसलं,
म्हणाले, पुढचा विषय घ्या.