हातभर उजेड

पहाटे तीनला उठायचं. जूनमध्ये इथे
रात्र म्हणजे नुसती तोंडदेखली,
सोमाच्या दलदलीवर आभाळ रात्रभर
ताकाच्या रंगाचं.
फळ्यांच्या वाटेवर पुढे एंडेल,
मागे मी, हातात काठी,
काठीच्या टोकाला फ्लॅश,
फ्लॅशवर केफिरची कापलेली बाटली,
आतून चॉकलेटची चांदी चिकटवलेली.
लोकांना वाटतं, मासे धरायला निघालोय.

त्याची लेन्स एकशे ऐंशीची. लांबून बघते.
"जवळ गेलं की चतुर उडतो," म्हणतो
आणि शेवाळावर पोट टेकून
दोन हात मागेच थांबतो.
पण फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवला
तर एवढी वाट चालून आलेला उजेड
चौथाईच उरतो, वर टोचतो:
बाटली केवढी मोठी, पण तिथून
चतुराच्या लेखी बटणाएवढी.
पंखांवर पांढरे चट्टे,
सावल्या सुरीने कापल्यासारख्या.
म्हणून मी.
नजर लांबची, उजेड जवळचा,
एकोणीस वर्षं ही आमची वाटणी.

मी गुडघाभर चिखलात,
मानेवर डासांची पंगत,
बाटली टाचणीपासून चार बोटांवर.
"अजून जवळ. हेल्वे, अजून. डावीकडे.
माझी डावी!"
माझ्यामुळे टाचणी उडत नाही.
मी श्वास कसा सोडते ते तिला कळलंय बहुतेक,
किंवा पंख दवाने जड झालेत, तसंही असेल.
मला भिंगाशिवाय दिसतं:
पुढचा पाय डोळ्यावरून फिरवते ती,
झोपेतून उठवलेल्या पोरासारखी कुरकुरत.
मग पांढरा फटका.
न्याहारीपर्यंत माझ्यापुढे
एक हिरवा ठिपका तरंगत राहतो.

मार्चमध्ये विल्यांदीच्या वाचनालयात
अठरा फोटो लावले. पुस्तकं देणारी पिरेट
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"तुम्ही रात्रीचे जाता वाटतं?"
कारण प्रत्येक टाचणीमागे काळंकुट्ट.
एंडेल खुलून समजावू लागला:
उजेड पोचतो तो फक्त तिच्यापुरता,
मागे काही नसतं,
तिथे कॅमेऱ्याला अंधारच दिसतो.

मी कॉफीचा कप धरून उभी.
मागे काही नसतं?
मागे धुकं होतं, कमरेपर्यंत.
बुटके पाइन होते, शंभर वर्षांत
माझ्याएवढेच वाढलेले.
क्रौंच दोनदा ओरडला होता.
पूर्वेला जर्दाळूच्या रंगाची चीर पडली होती,
मी तुला दाखवलीही होती, तू म्हणालास,
काठी हलवू नकोस.

गाडीत मी बोलले नाही.
त्यानेही विचारलं नाही, रेडिओ लावला.

या जूनला काठी उचलण्याआधी म्हटलं,
"शटर सावकाश कर."
"सगळं हलेल."
"हलू दे."
"हेल्वे, त्याला काही अर्थ—"
"सेकंदाचा पंधरावा भाग. एकदाच."
पुटपुटत त्याने लेन्सखाली
वाटाण्यांची पिशवी सारली.

फ्लॅश लखलखून गेला,
आणि पडदा मिटेपर्यंत
तेवढ्या उरलेल्या वेळात
पहाट आत येत राहिली,
कुणी दार लावायचं विसरल्यासारखी.

फोटो बिघडलाच.
टाचणीचं शेपूट एक ठसठशीत, एक भुताचं,
गवताच्या काडीला कापरं.
पण मागे राखाडी-गुलाबी काहीतरी आहे,
त्यात पाइनचे दोन धूसर शेंडे,
आणि कोपऱ्यात गडद निळा डाग,
तो माझ्या स्वेटरचा हात.

एंडेल म्हणतो, पुसून टाकू.
मी तो छापून फ्रिजवर लावलाय,
खत आणि बटाट्यांच्या यादीशेजारी.
काल पाणी प्यायला उठले तर
हा अंधारात तिथे उभा,
नाक फोटोला टेकेल इतका जवळ,
लांबून बघणारा माणूस.
मी दिवा लावला नाही.

उद्या पुन्हा तीनला.
डासांचं मलम संपलंय.