चौदा आणि वर चिमूटभर

रबाळ्याच्या एमआयडीसीत खाली पावडर कोटिंग,
वरच्या गाळ्यात आम्ही:
माझं टेबल, तेलातला पिस्टन, पितळी चकत्यांची चळत,
आणि कुरिअरनं आलेले आजारी गेज.
चकती ठेवायची, पिस्टन बोटानं फिरवायचा,
तरंगला की वाचायचं.
ह्याला डेड वेट म्हणतात. मेलेलं वजन.
मेलेलं, म्हणून खोटं बोलत नाही.

रजिस्टरात दोन रकाने. डावीकडे किलो, उजवीकडे पाउंड.
वाघधरे मास्तर कॅल्क्युलेटरला शिवत नसत.
"चौदानं गुण. आणि वर चिमूटभर, आमटीत घालतेस तसं."
सात किलो म्हणजे अठ्ठ्याण्णव, आणि चिमूट.
शंभराला थोडे कमी, ते म्हणायचे.
थोड्याला सर्टिफिकेटात जागा नसते,
मी ९९.५६ लिहायचे.
ते सही करताना चष्म्यावरून बघायचे.

एका मुलखानं करंगळीच्या नखावर किलो ठेवला,
दुसऱ्यानं अंगठ्याच्या पेरावर पाउंड.
नख जास्त दुखतं, एवढाच काय तो हिशोब.

मग ती घणसोलीच्या हॉस्पिटलातली रात्र.
कात्र्या-चिमटे वाफवायच्या भांड्याला मी नवा गेज पाठवलेला,
बारमधला, चारपर्यंतचा.
सोबत माझ्याच अक्षरात चिठ्ठी: पंधराला थांबा.
पंधरा काय, ते लिहिलं नव्हतं.
दीड वाजता कोकरेंचा फोन:
"ताई, काटा दीडच्या पुढं गेला,
पण चारनंतर आकडेच नाहीत. पंधरा कधी होणार?"
मी तोंड उघडेपर्यंत
फोनमधूनच वॉल्व्ह किंचाळला.
स्प्रिंगला बार नाही, पाउंड नाही,
तिला फक्त पुरे कळतं.
"बंद करा. एकाच्या जरा पुढं, तिथंच थांबायचं."
पलीकडे वाफ. मग कोकरे:
"पंधराचं एक झालं? कधीपासून?"

सकाळी मास्तर रागावले नाहीत.
"आकड्याला आडनाव लाव," म्हणाले,
आणि माझ्या डब्यातली अर्धी भाकरी घेतली.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना ऐरोलीत भरती केलं.
दंडाला पट्टा, वर एकशे अठ्ठ्याहत्तर.
पाऱ्याचे मिलिमीटर, हे आमच्या दोन्ही रकान्यांत बसत नाही.
मी केसपेपरच्या मागे गुणाकार केला.
"साडेतीन पाउंडसुद्धा नाही, मास्तर.
एवढ्या हवेत सायकलसुद्धा उभी राहायची नाही."
"आणि किलोत?"
"पावाला कमी."
हसले, तर पट्टा करकरला.
"पावशेर भेंडीसाठी अडकवून ठेवलंय होय मला?"
मग खूप वेळानं, छताकडे बघत:
"नळी कशाची आहे ते बघायचं असतं, पोरी.
काटा कुठवर गेला, ते नंतर."

आता गिऱ्हाईक फक्त बार मागतं.
उजवा रकाना मी आखते, रिकामा सोडते.
गेज पाइपवरून उतरवला की काटा शून्याला टेकतो,
आणि रबाळ्याची सगळी हवा, नखागणिक किलोभर,
माझ्या तळहातावर असतेच. ती कुणी मोजत नाही,
तिच्यापासूनच मोजायला सुरुवात करतात.

काल एक जुना गेज आला, काच तडकलेली,
आत फिकट अक्षरं: पाउंड.
मी मनात चौदानं भागलं,
आणि चिमूट परत काढून घेतली.