खापर

केरामिकोसच्या तळघरात
एवांथिया खापऱ्या धुते.
निळा प्लास्टिकचा टब, कोमट पाणी,
मुलाचा जुना टूथब्रश.
विहिरीच्या गाळातून वर आलेलं हे सगळं
अडीच हजार वर्षं अंधारात
एकमेकांना चिकटून होतं,
भांडण अर्धवट राहिल्यासारखं.

एकेक सुटतं. पाणी विटकरी होतं.
मग ओरखडे दिसायला लागतात:
थ्रासिप्पोस, अगासियासचा.
थ्रासिपोस, अगासियासचा (एक प गाळलेला).
थ्रासिप्पोस, जाऊ दे एकदाचा.

सहा हजारांनी खापऱ्या टाकल्या
की माणसानं दहा दिवसांत गाव सोडायचं,
दहा वर्षांसाठी.
आरोप नाही, खटला नाही, साक्षीदार नाही.
घर त्याचंच, शेत त्याचंच,
ऑलिव्हची झाडंही त्याच्याच नावावर.
त्यानं फक्त दिसायचं नाही.
जहाजं बुडाली, जव महागले,
कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवं
आणि इथं तर ते
रांगेत उभं राहून,
मोजून.

दुपारपर्यंत अठरा खापऱ्यांवर एकच हात सापडतो.
अक्षराची तीच वाकडी मान.
आदल्या रात्री दिव्यापाशी बसून
कुणीतरी तयार करून ठेवलेल्या.
ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची सोय,
ज्यांना येत होतं त्यांचा आळस.

उत्रेख्तहून आलेला योस्ट हसतो:
म्हणजे प्रचारसुद्धा तुमचाच!
ती ब्रश झटकते.
खांब नेलेत तुम्ही,
पावसात उभे केलेत बँकांपुढं, न्यायालयांपुढं.
नाक नसलेले देव नेलेत.
शब्द नेलेत, जिभेला झेपतील तसे वाकवून.
ह्या तेवढ्या राहिल्या.

योस्ट गप्प होतो. मग सांगतो,
मुलीला वर्गातल्या मुलींनी वाळीत टाकलंय,
डब्याच्या वेळी बाक बदलतात.
आमच्याकडे त्याला जो शब्द आहे ना,
त्याच्या पोटात ही खापरी आहे.
जन्मभर वापरला,
जिभेला कधी टोचली नाही.

संध्याकाळी, टब उपसताना,
घड्याच्या कानाचा एक तुकडा.
बाहेरून तेच नाव, खोल कोरलेलं.
आतल्या वळणावर मात्र
अंगठा.
माती ओली असताना दाबलेला,
रेघन् रेघ शाबूत.
थ्रेसहून विकत आणलेला कुणी पोरगा असेल,
कुंभाराची बायको असेल.
त्या दिवशी चौकात
ह्या अंगठ्याला कुणी विचारलं नव्हतं.
घडा त्याचा, फुटला तेव्हा मत दुसऱ्याचं.

एवांथिया आपला अंगठा त्यावर टेकवते.
बसत नाही. तिचा मोठा आहे.
नात्याला नाव खापरपणज्यापर्यंतच असतं,
पुढं नुसती माती.

रविवारी मतदान.
शाळेतला वर्ग, बुटक्या खुर्च्या,
फळ्यावर अर्धवट पुसलेला भागाकार.
वडिलांचं नाव? कारकून यादीत बोट फिरवत विचारतो.
पानायोतिस, ती सांगते,
आणि ह्या एवढ्याशा प्रश्नाला
किती जुना गाळ लागलाय ते तिच्या लक्षात येतं.
तिच्या आजीनं पहिलं मत दिलं
तेव्हा आजीला तीन मुलं होती
आणि चौथं पोटात.
आजी म्हणायची, पडद्याआड गेले
आणि रडूच आलं,
कुणावर फुली मारली तेही आठवत नाही.

पडद्याआड एवांथिया बराच वेळ उभी राहते.
बाहेर कुणीतरी खाकरतं.

सोमवारी योस्ट दोन कॉफ्या घेऊन येतो.
निकालाबद्दल दोघंही बोलत नाहीत.
ती बारीक टोकाचा टाक काळ्या शाईत बुडवते.
नियम असा, की क्रमांक
तुकड्याच्या आतल्या बाजूला लिहावा.
ती लिहिते,
अंगठ्याला वळसा घालून,
शेवटचे दोन आकडे जरा दाटीवाटीनं,
आणि शाई वाळेपर्यंत
हळू फुंकर घालत राहते.