तिम्माचा हंडा

ओझरच्या कारखान्यात मी दुभाषी होते,
चोवीस वर्षांची, पर्समध्ये तांत्रिक शब्दकोश.
इंजिनाच्या पात्यांना रशियनमध्ये काय म्हणतात ते मला येई,
भोपळ्याला काय म्हणतात ते येत नसे.
लाझुतिन फिटरची बायको बुधवारच्या बाजारात
भोपळा हातात धरून माझ्याकडे बघत राही.

त्यांचा मुलगा तिमोफेय.
बारा संपून तेरावं लागलेलं.
त्याला कंठ फुटला तो नाशकात.
एका सकाळी आईला हाक मारायला गेला
आणि आतून भलताच कुणी माणूस बोलला.
तेव्हापासून आठ दिवस गप्प.

समोवारची तोटी गळत होती,
म्हणून मी त्या मायलेकांना तांबट आळीत नेलं.
त्र्यंबक तांबट. चाळीस वर्षं हातोडी,
दोन्ही कान कामाला वाहिलेले.
ते तोटीला डाग देत होते, एक हात
आडव्या पडलेल्या हंड्यावर टेकून.
पोरानं इकडे तिकडे पाहिलं,
हंड्यात डोकं घातलं
आणि आठ दिवसांचं तुंबलेलं सोडून दिलं.

आळीच्या ठोक्यांत कुणालाच काही ऐकू गेलं नाही.
त्र्यंबकरावांनी मात्र तळवा उचलला,
पुन्हा ठेवला.
"कोण रे आत?"
मी भाषांतर केलं.
तिमोफेय म्हणाला, "अजून माहीत नाही."
हे मी मराठीत सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.
म्हणाले, तिम्माला म्हणावं, येत जा.

पुढची पत्रं माझ्याकडे आहेत, बिस्किटांच्या डब्यात.
पेर्म: कोरसमध्ये, मागची रांग, मिशी चिकटवलेली.
पेर्म: पहिली भूमिका. दूत. दोनच ओळी,
राजा मेला हे सांगायचं आणि निघून जायचं.
मग देश मोडला. एका महिन्याचा पगार साखरेत मिळाला.
मग ग्राझ, अँटवर्प, लिऑन.
"बासच्या वाट्याला नायिका येत नाही," त्यानं लिहिलं,
"दाढी येते.
पस्तिशीत मी पन्नाशीच्या नायकाचा बाप झालो."
मिलानला सैतान, तीन प्रयोग.
सान्तियागोला पुजारी, अंगात एकशे दोन ताप.
"माझं काम शाप देणं, क्षमा करणं, मरणं.
सगळं सावकाश."

एक कार्ड नुसतं एवढंच:
आज खालचा रे लागला नाही.
लोकांना कळलं नाही. मला तळव्यात कळलं.

गेल्या डिसेंबरात तो आला.
साठी उलटलेली, मफलर ऊन असूनही.
कुठल्या थिएटरनं निरोपाचा प्रयोग ठेवला नाही, म्हणाला,
नुसतं पुढच्या वर्षीचं पत्र आलं नाही.
आळीत आता दोनच हातोड्या.
त्र्यंबकराव भिंतीवर, हारासकट.
त्यांच्या मुलानं, मनोहरनं, स्टूल पुसून दिलं.
तिमोफेयनं हंड्याचं विचारलं.
मनोहर म्हणाला, "तो कधीच मोडीत घातला,
शकूच्या लग्नात. भाव चांगला आला होता."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही शब्द खोटा केला नाही,
मिगचं पातं असो की अधिकाऱ्याची शिवी.
त्या दिवशी रशियनमध्ये म्हणाले,
हंडा गावातच आहे कुणाकडे तरी,
आंघोळीचं पाणी तापवतात त्यात.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"मोड," तो म्हणाला, मराठीत, अगदी आळीतल्यासारखं.
"मोड मला कळतं."

मनोहरनं गडबडीनं फळीवरचा नवा हंडा काढला.
तिमोफेय वाकला, गुडघा वाजला,
आत हलकेच एक स्वर धरला.
हंडा थरथरला आणि किणकिणला.
"पत्रा पातळ आहे साहेब, मशीनचा."
मी भाषांतर करणार तेवढ्यात तो म्हणाला,
"माझा पण."

मग चहा आला.
समोरच्या दुकानात पुन्हा हातोडी सुरू झाली.
तो कप ओठांशी नेऊन थांबला,
पडद्यामागे थांबत असेल तसा, मान किंचित खाली,
आणि एका ठोक्याच्या नि दुसऱ्या ठोक्याच्या मध्ये
एकेक घोट घेत राहिला.