हातचा

सोहारला ऑक्टोबरातही पहाटे शर्ट पाठीला चिकटतो.
शटडाऊनचा अकरावा दिवस. बसमध्ये चाळीस माणसं
मांडीवर हेल्मेट धरून झोपलेली.
मी पुढच्या सीटवर. फोरमनची सीट.
एकोणीस वर्षांत मी मागून इथवर सरकलो.

क्रेन ऐकत नाही, बघते.
अंगठा वर: बूम वर.
तर्जनी आभाळाकडे, बारीकसं वर्तुळ: माल वर.
हात आडवा, पंजा जमिनीकडे: थांब.
हे मला कुरियाकोसनं शिकवलं. एवढंच शिकवलं.
बाकीचं त्यानं हातचं राखलं.
कुठला शॅकल कधी दगा देतो,
स्लिंग तिरकी झाली की तिच्यावर ताण किती चढतो,
विचारलं की म्हणायचा,
तुला सगळं दिलं तर मला इथं कोण ठेवेल?
खोटं नव्हतं त्याचं. तीन मुली होत्या.
मी त्याच्या पाठीमागं उभा राहून चोरून शिकलो,
शेजारच्या पाटीवरचं उत्तर बघावं तसं.

आणि फोरमन झाल्यावर मीही तसाच वागलो.
सहा वर्षं.
लाज वाटते, म्हणून पटकन सांगून टाकतो.

मग लेखनाथ आला. पोखऱ्याच्याही वरच्या कुठल्याशा गावचा.
इतका अबोल, की क्रेनवरचा गुलरेज म्हणायचा,
ह्याला सिग्नल काय शिकवता,
हा जन्मापासून हातांनीच बोलतो.
प्रश्न मात्र वहीत काढून आणायचा:
हुक, दोन स्लिंगा, खाली ओझं,
आणि मधल्या कोनात एक प्रश्नचिन्ह,
नीट, पट्टी धरल्यासारखं.
दोनदा मी वही न बघता परत दिली. काम कर.
तिसऱ्यांदा जून होता, दुपारची कामबंदी,
साडेतीनपर्यंत सगळे कंटेनरात, एसीखाली.
मी पेन मागितला.
का, ते सांगता येणार नाही.
बहुतेक लबन छान गार होतं.

आज बावीस टनांचा बंडल काढायचा.
हिरवं जॅकेट त्याच्या अंगावर चढवलं आणि मागं झालो.
दोन्ही हात खिशात.
खिशात हात किती वळवळतात
हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

बंडल निम्मा बाहेर. प्लँट मॅनेजर घड्याळ बघतोय.
मी ओरडलो, चल, घे वर.
लेखनाथनं हात आडवा केला.
पंजा जमिनीकडे.
गुलरेजनं क्रेन थांबवली. त्याच्याकडे बघून,
माझ्याकडे नाही.

माझं डोकं तडकलं.
आधी ते तडकलं, आणि मग मला रस्सी दिसली,
टॅगलाइन, मचाणाच्या पाइपाला अडकलेली,
आणि मचाणावर आंध्रातला तो नवा पोरगा.
हा क्रम मी बदलून सांगणार नाही.
माझ्या जागेवरून ते दिसत नव्हतं.
ती जागा मी एकोणीस वर्षं कमावली होती.

कुणी काही बोललं नाही.
पोरानं रस्सी सोडवली.
लेखनाथची तर्जनी वर गेली, बारीकसं वर्तुळ,
आणि बावीस टन
दुपट्यातल्या बाळासारखे हळू उचलले गेले.

शाळेत बाई बेरीज घालायच्या.
सात नि आठ पंधरा, पाच लिहा, हातचा एक.
मी तो एक बोटावर घट्ट धरून बसायचो
आणि पुढच्या घरात मिळवायचा विसरायचो.
प्रत्येक उत्तर दहानं कमी.
बाई वैतागून म्हणायच्या,
अरे, हातचा म्हणजे काय तुझा झाला का?

संध्याकाळी फॉर्म आला.
लिफ्टचा प्रमुख: तिथं त्यानं माझं नाव लिहायला घेतलं.
मी पेनाखालचा कागद ओढला, नवा दिला.
त्यानं स्वतःचं लिहिलं, सावकाश,
मांडीवर वही असल्यासारखं.
तारीख चुकली होती.
ती मी सांगितली.
तेवढं अजून आहे माझ्याकडे.