भाग क्रमांक १४७

माझं मूळ खातं कीटकनाशक.
रात्रपाळीवाले किती उंदीर मारून आणतात
ते वहीत मांडायचं, खाली सही.
निवडणुकीचं पत्र आलं तेव्हा साहेब म्हणाले,
आता काही महिने माणसं मोजा, पेडामकर.

घोडपदेव, यादी भाग एकशे सत्तेचाळीस.
मतदार एक हजार बावन्न,
त्यातले तीनशे अकरा काथावाला चाळीत,
खोली एक ते चौऱ्याऐंशी.
मी यादी घेऊन गेले
तर चाळ नव्हती.
निळे पत्रे होते, पत्र्यांवर पोहण्याच्या तलावाचं चित्र,
आणि फटीतून दिसणारा खड्डा,
तळाशी पाणी उपसणारा पंप.
वॉचमन म्हणाला, कोण पाहिजे?
मी म्हटलं, खोली नंबर एक.

नियम असा की तीनदा जायचं.
तीनदा गेले.
तिसऱ्या खेपेला त्यानं स्वतःची खुर्ची दिली.
त्याचं नाव गिरिडीहच्या कुठल्याशा यादीत,
तिथं त्याच्या नावापुढे
माझ्यासारखंच कुणीतरी काहीतरी लिहीत असणार.

शेऱ्याच्या रकान्यात तीनच खुणा चालतात.
ग गैरहजर, स्थ स्थलांतरित, म मयत.
गुडघ्यावर पॅड ठेवून
मी स्थ, स्थ, स्थ लिहीत गेले
आणि खोली बावीसपाशी थांबले.
घाग, अकरा मतदार,
वय एक्याण्णवपासून अठरापर्यंत,
फोटोत सगळ्यांचे कान सारखे.
दहा बाय बारात हे झोपत कसे होते
ते यादीत नाही.
यादीत नुसते एकाखाली एक झोपवलेत.
अकरा वेळा स्थ.

प्रशिक्षणाला नाट्यगृह.
बटण कुठलं, सील कुठलं, हिरवी पट्टी कशी दुमडायची.
कुणीतरी विचारलं, डावी तर्जनी नसेल तर?
दुसरं बोट.
बोटंच नसतील तर?
उजवा हात.
तोही अर्धा असेल तर?
मंचावरचे साहेब पुस्तक न उघडता म्हणाले,
हात जिथं संपतो तिथं.
आणि मग चहाची सुट्टी झाली.

आदल्या रात्री शाळा क्रमांक दोनमध्ये
बालवाडीच्या भिंतीवर कमळ होतं, घड्याळ होतं, सायकल होती.
वर्तमानपत्रं चिकटवून झाकली,
तर वर्तमानपत्रात उमेदवार हसत होते.
कागद उलटे केले. मागेही तेच.
शेवटी केंद्राध्यक्ष डिमेलो बाईंनी
स्वतःची पांघरायची चादर खिळ्यांना अडकवली
आणि रात्रभर पंख्याखाली कुडकुडत बसल्या.

पहाटे साडेपाचला पन्नास खोटी मतं.
मोजली, पुसली,
चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात, वर लाख.
मग सात वाजले.

आठनंतर आले ते.
नालासोपाऱ्याहून, दिव्याहून, माहुलच्या संक्रमण शिबिरातून,
एक जण गुहागरहून रात्रीच्या एसटीनं, केसांत धूळ.
फाटकाबाहेर माझं टेबल, टेबलावर माझी यादी,
आणि रांगेत भांडण लागलेलं:
नळावर तू कायम माझ्या मागं असायचीस.
मग ती खरंच मागं सरकली.
कुणी विचारलं, तेवीसची मंगल आली का?
वर गॅलरीत हाक मारावी तशी
मान वर करून विचारलं,
वर शाळेचं छप्पर होतं.

माझ्या प्रत्येक स्थला आत वेगळा अंगठा, वेगळं प्रतिज्ञापत्र.
रांग तुंबली.
डिमेलो बाई दारात येऊन म्हणाल्या,
पेडामकर, तुमचे स्थलांतरित संपतच नाहीत.
घागांचे नऊ आले.
एक्याण्णववाले प्लायवूडच्या उतारावरून खुर्चीत,
शाई वाळेपर्यंत बोट उंच धरून.
दोघांचं मी विचारलं नाही.

माझं मत टपाली, आधीच पेटीत गेलेलं.
रात्री दीड वाजता यंत्रं जमा करायच्या ओळीत
माझंच बोट कोरं.

आता पुन्हा उंदीर.
काल दोनशे सहा, परवा एकशे नव्वद.
निवडणूक शाखेचा फोन येतो,
शुद्धीकरणाचे अर्ज कधी देताय?
तीनशे अकरा नावं कमी करायची आहेत,
पत्त्यावर कोणी राहत नाही
हे तुम्हीच तर लिहिलंत.
मी म्हणते, हो, लिहिलं.
तीनदा जाऊन लिहिलं.
एकदा चौथ्यांदा जाऊन येते.